पाहुणचाराचे तास



चालकांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा कामगार कायद्याचे काहीतरी मिळेल अशी त्यांची अटकळ होती. 'मित्रांबरोबर चार दिवस बोरीवलीला जाऊन आलो, त्याची हकिकत सांगतो,' असे आम्ही म्हणालो, तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मुंबई आता कोणाला नवी आहे, असा त्यांच्या मनात प्रश्न आला असावा. तो बरोबरही आहे. पण आम्ही लॉजवर उतरलो नव्हतो, एका घरी उतरलो होतो. आणि जे सांगायचे आहे ते त्या घराविषयी आहे. आणखी एक खुलासा. आम्ही म्हणजे कधी आमची चौकडी आणि कधी हा एकटा माणूस. इचलकरंजीच्या यंत्रमागांत तीस वर्षे संघटनेचे काम केल्यावर 'मी' म्हणायची जिभेची सवय मोडून जाते.

2024 सालच्या जानेवारीत आम्ही चौघे निघालो. एक जॉबर, एक साइझिंगमधले कामगार, एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, ज्यांना सगळा गाव मास्तरच म्हणतो, आणि आम्ही. मास्तरांना कान्हेरीची लेणी पाहायची होती. जॉबरांचे वडील लालबागच्या गिरणीत होते, त्यांना ती जागा डोळ्यांखालून घालायची होती. उतरायचे कोठे, हा प्रश्न जॉबरांनी चुटकीसरशी सोडवला. त्यांचे मावसभाऊ बोरीवलीला राहतात. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी फोन केला, 'शनिवारी सकाळी येतो, चौघे आहोत,' आणि विषय संपला. हा फोन श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. आम्ही विचारले नव्हते, कळवले होते.

हातकणंगल्याहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालो आणि सकाळी दादरला उतरून बोरीवलीची लोकल धरली. आमच्या डब्यात ऐसपैस जागा आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दारात माणसांचे घोस. मास्तर म्हणाले, 'सगळी मुंबई कामाला निघाली आहे आणि आपण तेवढे उलट्या दिशेने.' आम्ही हसलो. त्या गाड्यांपैकीच एका गाडीत आमच्या यजमानीण बाई होत्या, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

या रेल्वेविषयी थोडे सांगायला हवे, कारण बोरीवली जी वाढली ती या रुळांच्या काठाने वाढली. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईला रोज एक गाडी जाऊ-येऊ लागली. 5 जानेवारी 1928 पासून कुलाबा ते बोरीवली विजेवरची गाडी सुरू झाली. आणि 5 मे 1992 रोजी केवळ बायकांसाठी अशी एक सबंध लोकल सोडण्यात आली, तीही चर्चगेट ते बोरीवली. जगात अशी ही पहिली गाडी म्हणतात. आम्ही हे वाचले होते आणि मोठ्या कौतुकाने एका भाषणात सांगितलेही होते. बायकांसाठी स्वतंत्र गाडी लागावी इतक्या बायका रोज त्या वाटेने कामाला जातात, आणि त्या घरून निघतात तेव्हा घरातले काम कोणी केलेले असते, हा पुढचा प्रश्न मात्र आम्हांला सुचला नव्हता.

घर गोराईच्या बाजूला. जागतिक बँकेच्या कर्जातून 1980 च्या दशकात म्हाडाने चारकोप, गोराई या भागांत लहान लहान भूखंड पाडून दिले, त्यांतलेच एक. खाली दोन खोल्या, वर पोटमाळा. माणसे पाच. जॉबरांचे मावसभाऊ, ज्यांना आम्ही भाऊ म्हणू लागलो, अंधेरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. वहिनी चर्चगेटला एका खासगी कचेरीत हिशेबाच्या टेबलावर. मुलगा कॉलेजात, मुलगी दहावीत, आणि भाऊंच्या आई. मूळ घर आजऱ्याकडचे. भाऊंचे वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा काही त्यांच्यासाठी उघडली नाही, आणि लालबागची खोली सोडून कुटुंब उत्तरेला सरकले. अडीच लाख माणसांच्या त्या संपावर आम्ही कितीतरी अभ्यासवर्ग घेतले आहेत. संपातून उठलेल्या एका घरात जेवायला बसण्याचा प्रसंग पहिलाच.

आम्ही पोचलो तेव्हा घरात आजी एकट्याच. त्यांनी चहा टाकला आणि ओट्यावर झाकून ठेवलेले पोहे पुढे केले. 'ती करून गेली,' म्हणाल्या. पोहे अजून कोमट होते. चार पंचे दोरीवर, चार गाद्या भिंतीशी रचलेल्या. मुलाची झोपायची सोय शेजारच्या घरी केली होती. दोन खोल्यांत नऊ माणसे. पण आपली अडचण होते आहे असे आम्हांला एकदाही कोणी भासू दिले नाही. मुंबईकर माणूस जागेचा कंजूष आणि मनाचाही, असे जे आपल्याकडे बोलतात, ते बोलणाऱ्यांनी एकदा अशा घरी जाऊन राहावे.

शनिवार गावातच फिरण्यात गेला. वझिऱ्याचा गणपती केला, खाडीच्या काठाने हिंडलो. रविवारी लालबाग. वहिनींना सुटी होती. निघताना त्यांनी विचारले, 'जेवायला किती वाजता याल?' आम्ही म्हणालो, 'येतो एक-दीडपर्यंत.' शिवाय त्यांनी एक सूचना दिली, 'येताना विरारची गाडी धरू नका, भावोजी. बोरीवलीला दारापर्यंत पोचू देणार नाहीत. बोरीवलीचीच धरा.' वर्षानुवर्षांची ती जाणकारी आम्ही गमतीवारी नेली.

गिरणगावात काय पाहिले, ते थोडक्यात सांगतो. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे हे ऐकून ठाऊक होते. पण त्या दारात जॉबर जे उभे राहिले ते दहा मिनिटे हलले नाहीत. मग चाळींच्या गल्ल्या, एका जुन्या सोबत्याची भेट, गप्पा, त्यांच्या आग्रहाने मिसळ. तेथून हुतात्मा चौकात गेलो, संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांपुढे हात जोडले. घड्याळ पाहिले तेव्हा अडीच. पुढे रेल्वेचा रविवारचा ब्लॉक. गाडी मिळाली ती विरारची, आणि वहिनींनी सांगितले तसेच झाले. बोरीवलीला उतरता आले नाही, दहिसरहून माघारी यावे लागले. घरी पोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते.

वहिनी जेवल्या नव्हत्या. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी. आजऱ्याकडच्या पाहुण्यांना गावची चव मिळावी म्हणून सकाळपासून मांडलेला सगळा बेत. आमची पोटे मिसळीने भरलेली. 'थोडे थोडे घ्या,' म्हणून त्यांनी ताटे वाढली, स्वतः अर्धी भाकरी खाल्ली, भांडी घासली आणि पिठाचा डबा घेऊन गिरणीत गेल्या. तोंडावर रागाची रेघ नाही. राग दिसला असता तर बरे झाले असते.

त्या बाहेर गेल्यावर आजींनी सांगितले. वहिनींच्या डब्यातल्या अकरा बायका. तीच गाडी, तोच डबा, कितीतरी वर्षांचा शेजार. वर्षातून एकदा त्या मिळून कोठेतरी जातात. त्या रविवारी वज्रेश्वरीला जायचे ठरले होते, वर्गणी भरली होती. गुरुवारी आमचा फोन आला आणि शुक्रवारी वहिनींनी गाडीत मैत्रिणींना आपले जमत नसल्याचे सांगितले.

मास्तर म्हणाले, 'अहो, मग आम्हांला सांगायचे होते.' आजी म्हणाल्या, 'पाव्हण्याला असलं सांगत्यात व्हय?'

बंधुभगिनींनो, रविवार या शब्दाशी आमचा फार जुना संबंध आहे. आपल्याला मिळणारी ही सुटी आकाशातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक माणसाने 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली आणि सहा वर्षे या एका दिवसासाठी झगडा केला. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार बायका बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी कबूल केली. दर वर्षी त्या तारखेला आम्ही लोखंडे यांच्या तसबिरीला हार घालतो आणि ही हकिकत सांगतो. दोन बायका बोलल्या, हेही सांगतो. आणि एका कामगार बाईचा रविवार आम्ही गुरुवारच्या एका फोनने काढून घेतला, त्याबद्दल तिची संमती विचारली नाही आणि तिने रांधलेल्या अन्नाला साडेतीन तास उशिरा पोचलो. एखाद्या मालकाने अशी सुटी बुडवली असती तर आम्ही दारात बसलो असतो.

त्या रात्री आजी गप्पांना बसल्या. लालबागला असताना त्या खानावळ चालवीत. तेव्हा गावाकडून आलेले गडी गावकीच्या खोलीत राहत; एका खोलीत वीस-पंचवीस माणसे, पाळ्या वेगळ्या असल्यामुळे एक उठून कामाला गेला की त्याच्या जागी दुसरा येऊन पडे. या माणसांची बायकापोरे गावी. त्यांना दोन वेळा घालणार कोण? तर चाळीतल्या अशा बाया. आजींकडे पंधरा जण जेवत. संपाच्या दिवसांत यांनी उधारीवर घातले, कोणी कोणी डाग गहाण ठेवले. गिरणगावच्या लढ्यांचा इतिहास लिहिताना सभा, मोर्चे, पुढारी यांना पाने मिळतात; पण ज्या भाकरीवर संप उभा राहिला ती कोणी थापली, हे फार थोड्यांनी विचारले. प्रेमा पुरव यांनी ते विचारले. त्या स्वतः कामगार चळवळीतल्या. त्यांनी 1975 साली खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि सावकाराच्या ऐवजी बँकेचे कर्ज त्यांना मिळवून दिले.

आम्ही आजींना म्हणालो, 'पंधरा माणसांचे रोज करायचे म्हणजे फार कष्ट.' त्या म्हणाल्या, 'कष्ट तर हायतच. पर म्हयन्याला पैसं यायचं, आणि माणसं येळंवर जेवाय यायची. भोंगा झाला की यायची.' एवढे बोलून त्यांनी सुपारी कातरायला घेतली. आमच्याकडे त्यांनी पाहिले नाही, तेवढी दया केली.

सोमवारी आम्ही राष्ट्रीय उद्यानाच्या दारात जाऊन उभे राहिलो, तेव्हा कळले की सोमवारी उद्यान बंद. रविवारी वहिनींना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. पण विचारण्याची आमची पद्धतच नव्हती. मग मंडपेश्वरची शैव लेणी पाहिली, जिच्यावर पोर्तुगिजांनी पुढे ख्रिस्ती मठ बांधला, आणि दुपारीच घरी परतलो. त्यामुळे वहिनींचा एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत आमच्या नजरेखाली आला. कामाचे तास टिपणे हा आमचा धंदाच. डायरी काढली आणि लिहिले.

साडेचारला उठल्या, कारण नळाला पाणी पावणेपाचला येते आणि सव्वासहाला जाते. पाणी, डबे, नऊ माणसांचा चहा, न्याहारी, दुपारचा स्वयंपाक, आजींची औषधे. सात-पन्नासला घराबाहेर. साडेनऊ ते सहा कचेरी. रात्री सात-चाळीसला परत. पर्स खुंटीला अडकवून तशाच ओट्याशी. अकराला दिवा गेला. बेरीज केली. एकूण साडेअठरा तास. पैकी पगाराचे साडेआठ. जाण्यायेण्याचे तीन तास वीस मिनिटे. उरलेले सहा तास चाळीस मिनिटे घरात, त्यांतून दोन घास खाण्याचा आणि चहाचा वेळ वजा केला तर सहा तास उभ्याने काम. आम्ही चौघे नसतो तर हे सहा तास थोडे कमी भरले असते. किती कमी, ते लिहिण्याचे धैर्य झाले नाही.

हे एकाच घरचे आहे असे कोणी समजू नये. 2019 साली भारत सरकारने माणसांचा दिवस कसा जातो याची देशभर पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाकाठी सरासरी 299 मिनिटे घालवतात आणि असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे, असे आढळले. शिवाय पुरुषांचा आकडा केवळ जे हात लावतात त्यांचाच आहे. न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत. 1948 च्या कारखाना कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. आमच्या मागांवर ती पाळली जात नाही, बारा बारा तासांच्या पाळ्या चालतात, म्हणून आम्ही आयुष्यभर ओरडत आलो आणि अजूनही ओरडणार. पण पाळी सुटल्यावर बाई जे दुसरे यंत्र चालवते त्याचा तास आम्ही कोणत्याही मागणीपत्रात लिहिला नाही. त्याचा मालक कोण, हे शोधायला गेलो असतो तर आरशापाशी जावे लागले असते.

सोमवारी रात्री आम्ही प्रायश्चित्त घ्यायचे ठरवले. जॉबर भाकऱ्या थापायला पुढे झाले, साइझिंगवाल्यांनी कांदा चिरायला घेतला. त्या हातभर ओट्याशी चार पुरुषांची जी गर्दी झाली तिच्यामुळे वहिनींना हलता येईना. भाऊ एकीकडून म्हणताहेत, 'अहो, पाहुण्यांनी काय करायचे!' पहिल्या भाकरीचे दोन तुकडे झाले. शेवटी वहिनी हसल्या आणि त्यांनी सांगितले ते शब्दशः सांगतो. 'भावोजी, मला मदत नको. मला वेळ सांगा. कधी येणार, किती जण जेवणार, कधी निघणार. मुंबईत जागा करता येते, माणसे सरकतात. वेळ करता येत नाही हो.'

आम्ही पाकीट पुढे केले, ते त्यांनी दोन्ही हातांनी परत केले. आजी आतून म्हणाल्या, 'खानावळ असती तर मोजून घेतलं असतं.'

मंगळवारी साडेचारला आम्ही चौघे उठलो आणि पाणी भरले. हे मात्र त्यांनी भरू दिले. त्या सव्वापाचपर्यंत झोपल्या. तेवढी पाऊण तासांची परतफेड आमच्या खात्यावर आहे, जास्त नाही. सात-पन्नासला त्या निघाल्या, तेव्हा दारातच नमस्कार झाले. रात्रीच्या गाडीने आम्ही परतणार होतो, पुन्हा भेट नव्हती.

मग कान्हेरी. मास्तरांच्या सुखाला पारावार नव्हता. काळ्या खडकात कोरलेली शंभराहून जास्त लेणी. इसवी सनाच्या पूर्वीपासून सुमारे हजार वर्षे तेथे भिक्षूंचा वावर होता. भिक्षूंच्या खोल्यांत झोपायला दगडी बाक आणि बाहेर पाण्याचे टाके. पावसाचे पाणी खडकावरच्या चरांतून टाक्यात उतरते. कल्याण, सोपारा येथील व्यापाऱ्यांनी, गृहस्थांनी, बायकांनीही यासाठी दाने दिली आणि ती शिलालेखांत नोंदवून ठेवली. कोणी लेणे दिले, कोणी टाके दिले. वाटसरूला आणि भिक्षूला पाणी मिळावे म्हणून. जॉबर टाक्यात वाकून म्हणाले, 'यांना पावणेपाचला उठावे लागत नव्हते.' आम्हांला वाटले, ज्याने दान दिले त्याचे नाव दगडात आहे. खडक ज्याने फोडला त्याचे नाही. हा आमचा नेहमीचा मुद्दा. पण त्या दिवशी त्यापुढे आणखी एक आठवले, की खडक फोडणाऱ्याला जेवण घेऊन कोणीतरी तो डोंगर रोज चढत असेल.

घरी आलो. आता आमच्या संघटनेचे सांगतो. आपल्या गावात कांडीवर काम करणाऱ्या बायका पुष्कळ. वीस वर्षे आमची तक्रार अशी की बायका सभेला येत नाहीत, त्यांना जाणीव नाही. सभा रात्री आठला, कारण तेव्हा पुरुषांची पाळी बदलते. परत आल्यावर आम्ही दोन कांडीवाल्या भगिनींना गाठून एवढेच विचारले, 'तुम्हांला केव्हा जमेल?' त्यांतली एक म्हणाली, 'हे आधी कोणी विचारलंच नाही.' त्यांनी दुपारी साडेतीनची वेळ दिली. तेव्हा पाणी भरून झालेले असते, पोरे शाळेतून यायची असतात. तासाभरात संपवायचे, भाषणे नकोत, ही अट. पहिल्या सभेला सतरा जणी आल्या. आमच्या नोंदवहीत त्यापूर्वीचा सर्वांत मोठा आकडा चार आहे. मजुरीचा दर काढतील म्हणून आम्ही कागद घेऊन बसलो होतो. त्यांनी पहिली मागणी काढली ती कारखान्यात संडास हवा, ही. तिच्यावर अजून भांडण चालू आहे. दोन शेडमध्ये झाले, बाकीचे व्हायचे आहेत.

मास्तरांचे कान्हेरीने समाधान झालेले नाही, त्यांना पुन्हा जायचे आहे. या खेपेला बोरीवलीला फोन आम्ही केला, आणि वहिनींना मागितला. केव्हा यावे, असे विचारले. त्या म्हणाल्या, 'मार्चअखेर हिशेबांचा रगाडा असतो, तो संपू द्या. मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी या. पण रविवारी मी घरी नाही हं, भावोजी, आम्ही वज्रेश्वरीला जाणार आहोत.'

त्या रविवारचा स्वयंपाक आमच्याकडे आहे. आजी देखरेख करणार आहेत. जॉबर रोज संध्याकाळी भाकरीचा सराव करीत आहेत, आणि आता दोन तुकडे होत नाहीत असे त्यांच्या घरून कळते.